महाविद्यालयीन बेसबॉलमधील साहाय्यक प्रशिक्षकाची उमेदवारी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सहसा मुख्य प्रशिक्षकाकडे जाते. ओमाहा शहरी १९५० पासून भरणाऱ्या अंतिम स्पर्धेत चषक उंचावणारा तोच असतो आणि वृत्तपत्रांतून छायाचित्र छापून येते तेही त्याचेच. परंतु त्या संघातील मुले तेथवर आली कशी, त्यांना प्रथम कोणी पाहिले, त्यांच्या आईबापांशी शिष्यवृत्तीची बोलणी कोणी केली, असे प्रश्न विचारले म्हणजे उत्तर बहुधा दुसऱ्याच माणसापाशी जाऊन ठेपते. हा माणूस म्हणजे साहाय्यक प्रशिक्षक. त्याच्या पदनामाला पुष्कळदा ‘भरती-संयोजक’ अशी जोड दिलेली असते. मैदानावर तो फलंदाजांचा किंवा पिचरांचा गुरू असतो, मैदानाबाहेर मात्र त्याचे काम पारखी सराफाचे.

पारख करण्याची त्याची साधने अगदी साधी आहेत. साठ यार्डांची धाव सात सेकंदांच्या आत येते की नाही, चेंडू कॅचरच्या हाती पडल्यापासून दुसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षकाकडे पोचेपर्यंत दोन सेकंदांहून कमी वेळ लागतो की अधिक, हे घड्याळ लावून पाहावयाचे. पिचरचा वेग मोजणारे रडार-यंत्र बेसबॉलमध्ये रूढ करण्याचे श्रेय १९७०-८० च्या दशकातील एका महाविद्यालयीन प्रशिक्षकाकडेच, मिशिगन स्टेटच्या डॅनी लिटव्हायलर यांच्याकडे जाते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तथापि घड्याळ आणि यंत्र सर्वांजवळ असते. सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगलटीवरून तो एकविसाव्या वर्षी कसा दिसेल हे ताडणे, आणि पराभवाच्या डावात तो बाकावर कसा बसतो हे न्याहाळणे, यातच खरे कसब आहे. त्यासाठी उन्हाळाभर जॉर्जिया-फ्लॉरिडातील स्पर्धांच्या मैदानांवर कुंपणाला टेकून दिवस काढावे लागतात.

याहून अवघड काम हिशेबाचे. एन.सी.ए.ए. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या प्रथम श्रेणीत कित्येक वर्षे एका संघास केवळ ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम वाटण्याची मुभा होती. पुढे संघ ३५ जणांचा, त्यांत शिष्यवृत्ती जास्तीत जास्त २७ जणांना आणि ती प्रत्येकी किमान पाव, असा नियम झाला. समसमान वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीसुद्धा येत नाही. नामांकित पिचरला अधिक द्यावयाचे तर दुसऱ्या कोणाचे तरी कमी करावयाचे. साहजिकच ज्या राज्यात लॉटरीच्या उत्पन्नातून गुणी विद्यार्थ्यांना शुल्कसवलत मिते, उदाहरणार्थ १९९३ पासून जॉर्जियात, तेथील संघांना स्थानिक मुले स्वस्तात पडत. भरती करणाऱ्यास म्हणून खेळाइतकीच शुल्काची कोष्टके तोंडपाठ ठेवावी लागत. त्यात आणखी एक अनिश्चितता अशी की, उत्तम मुलगा शालान्त होताच व्यावसायिक संघ त्याला वार्षिक निवडीत उचलू शकतात. २०२१ पासून ही निवड जुलैत होते आणि महाविद्यालयाचे सत्र ऑगस्टात उघडते. दोन वर्षे ज्याच्या मागे हिंडावे तो अखेरच्या महिन्यात हातचा जाण्याचा संभव असतोच.

या सर्व श्रमांचा मोबदला काय, हा प्रश्न या पेशाच्या अभ्यासात मध्यवर्ती आहे. बेसबॉलच्या संघाला मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी साहाय्यक आणि एक ‘स्वयंसेवक’ साहाय्यक, अशी रचना संघटनेने दीर्घकाळ ठेवली होती. स्वयंसेवक हा शब्द येथे फसवा आहे. तो इतरांइतकेच तास राबे, पण विद्यापीठाकडून त्याला वेतन नसे, आणि मुले पाहण्यासाठी बाहेरगावी जाण्याचीही त्याला मनाई असे. सुट्टीतील बालशिबिरे चालवून मिळेल त्यावर त्याने चरितार्थ करावयाचा. थोडक्यात, पेशाची पहिली पायरी ज्याच्या घरी आधार आहे त्यालाच चढता येई. वस्तुतः वेतनावर असे बंधन घालण्याचा प्रकार न्यायालयात एकदा फसला होता. काही साहाय्यकांचे वार्षिक उत्पन्न १६,००० डॉलरांवर रोखणारा नियम १९९८ साली दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने स्पर्धाविरोधी ठरविला, आणि १९९९ मध्ये संघटनेला ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. इतके होऊनही शून्य वेतनाची जागा मात्र टिकून राहिली, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. एप्रिल २०१९ मध्ये तिसऱ्या साहाय्यकास पगार देण्याची सूचना फेटाळली गेली. २०२२ च्या अखेरीस माजी स्वयंसेवकांनी दावा दाखल केला, आणि १ जुलै २०२३ पासून ते पदनामच रद्द झाले. सूचना नामंजूर करणाऱ्या संस्थांना चार वर्षांत उपरती झाली, असे मानण्यापेक्षा दाव्याचा धाक उपयोगी पडला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

ही शिडी अखेरपर्यंत चढलेल्यांत टोनी व्हिटेलो यांचे उदाहरण बोलके आहे. मिसूरी विद्यापीठात खेळून ते तेथेच साहाय्यक झाले. त्यानंतर टेक्सास ख्रिश्चन येथे जिम श्लॉसनेगल यांच्या हाताखाली आणि पुढे आर्कन्सॉ येथे डेव्ह व्हॅन हॉर्न यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. मुले हेरण्यात त्यांचा लौकिक मोठा, पण मुख्य प्रशिक्षकपद मिळावयास २०१७ साल उजाडले. ते पद टेनेसीचे होते, आणि तो संघ २००५ नंतर राष्ट्रीय स्पर्धेत शिरलाही नव्हता. २०२४ मध्ये त्याच संघाने अजिंक्यपद मिळविले. अंतिम फेरीत समोर टेक्सास ए. अँड एम. होते आणि त्यांचे प्रशिक्षक होते श्लॉसनेगल. ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने व्हिटेलो यांना व्यवस्थापक नेमले. व्यावसायिक बेसबॉलचा कसलाही अनुभव नसताना महाविद्यालयातून थेट त्या पदावर जाणारे ते पहिलेच. परंतु असे भाग्य एखाद्याचेच. बहुतेकांची कारकीर्द दर दोनचार वर्षांनी गाव बदलण्यात जाते. मुख्य प्रशिक्षकाला काढले म्हणजे साहाय्यकांचेही बिऱ्हाड हलते, मग त्यांनी जमविलेली मुले कितीही गुणी असोत.

अलीकडे कामाचे स्वरूपही पालटले आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांकडून तोंडी होकार घेण्याची अनिष्ट चढाओढ २०२३ मध्ये आवरली गेली. आता अकरावीच्या आरंभीच्या १ ऑगस्टपूर्वी मुलाशी भरतीविषयक बोलणे करता येत नाही. उलटपक्षी, २०२१ पासून एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या खेळाडूस वर्षभर बाहेर बसावे लागत नसल्याने, शाळकरी मुलाची चार वर्षे वाट पाहण्यापेक्षा दुसऱ्याने घडविलेला विशीतला खेळाडू आणणे सोपे झाले. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीने, ती स्वीकारणाऱ्या संस्थांपुरती, ११.७ ची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्ती आता चौतिसांनाही पूर्ण देता येईल. पण पूर्वी शब्द दिलेल्या पस्तिसाव्या, छत्तिसाव्या मुलाच्या घरी दूरध्वनी करून जागा नाही हे सांगण्याचे काम आले, ते याच साहाय्यकाकडे.