चेहरा अबोल होतो तेव्हा

काही महिन्यांपूर्वी एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार बद्धकोष्ठाची होती, पण सासरे बाहेर जाताच त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, नातू झाला तरी बाबांच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही. आमचं काही चुकलं का?" मी त्यांना पुन्हा आत बोलावले. पापण्या क्वचितच लवत होत्या, चालताना उजवा हात हलत नव्हता, सहीचे अक्षर बारीक झाले होते. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केले : कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स. बाबा रुसले नव्हते. त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू मंदावले होते.

वाचकहो, समोरच्याचे मन आपण चेहरा, आवाज आणि हालचाली यांवरून ताडतो. मनापासूनच्या हास्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, हे ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये दाखवून दिले. हे सारे नकळत घडते. कंपवातात मेंदूतील डोपामिन कमी झाल्याने अशा नकळत होणाऱ्या हालचालीच मंदावतात. आवाजही क्षीण व एकसुरी होतो. आतला आनंद मात्र आटलेला नसतो.

घरच्यांना हे ठाऊक नसले, की 'माणूस तुसडा झाला' असा ग्रह होतो, बोलणे कमी होते आणि रुग्ण एकाकी पडतो. उलट चूकही टाळावी. या आजारात नैराश्यही बऱ्याच रुग्णांना येते; म्हणून 'चेहराच तसा आहे' असे म्हणून स्वस्थ बसू नये. झोप, भूक, आवडीनिवडी यांत बदल जाणवला तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. प्रत्येक रुग्णाला प्रारंभी कंप असतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. औषधांनी व वाचा-उपचारांनी पुष्कळ मदत होते.

आणि घरी काय करावे? अंदाज बांधण्याऐवजी शब्दांत विचारावे. उत्तराला वेळ द्यावा. मधेच वाक्य पुरे करू नये. चेहऱ्यापेक्षा कृतीकडे पाहावे.

त्या सूनबाईंनी घरी जाऊन सरळ विचारले, "बाबा, नातू झाल्याचा आनंद झाला ना?" बराच वेळ थांबून ते म्हणाले, "रोज पहाटे पाळण्यापाशी जाऊन त्याचा श्वास ऐकतो मी."

हे सांगताना सूनबाईंचे डोळे भरून आले होते.