वहीतलं नाव आणि कागदावरचा अंगठा



बैठकीत आपण कर्जाचे हप्ते मोजतो, पासबुकात सही करतो. कधी कधी एखादी कंटाळून म्हणते, "ताई, एवढं कशाला लिहायचं? आपण सगळ्या ओळखीच्याच आहोत." त्यासाठीच आज मी तुम्हाला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बाजारगावात घेऊन जाणार आहे. गाव आहे सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. राज्य इंग्रजांचं होतं. सुप्याला मोठी बाजारपेठ, दुकानदार आणि सावकारही पुष्कळ. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं धान्य, कापड आणि रोकड यासाठी तिथंच यायची.

तेव्हा पीक हाती येण्याआधीच घरात दाणे संपायचे. सरकारचा शेतसारा मात्र रोख भरायचा. मग दुकानदाराकडून जोंधळे उधार, लुगडं उधार आणि साऱ्याचे पैसेही उधार. दुकानदार आणि सावकार बहुधा एकच. नगर जिल्ह्यातल्या मिरजगावच्या शेतकऱ्यांनी कलेक्टरला एक अर्ज दिला होता. त्यांचं गाऱ्हाणं असं, की रोखीच्या गिऱ्हाइकाला जो भाव, त्याच्यापेक्षा आम्हाला शेकडा 25 ते 50 जास्त लावतात. आमचा माल नेताना 'खात्यावर जमा करतो' म्हणतात, पण वहीत जमा करत नाहीत. पावती मागितली तर देत नाहीत.

लक्षात घ्या, इथं शेतकरी दोनदा नागवला जातो. घेताना महाग घेतो आणि देताना त्याची नोंदच होत नाही. वही एकाच्याच घरात, ती लिहिणारा तोच आणि वाचणाराही तोच.

त्यात 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला एकदम भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. 1865 ला युद्ध संपलं, भाव उतरले. सावकारांनी हात आखडले आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्याच सुमारास सरकारने शेतसाराही वाढवला. काही ठिकाणी तो दीडपट, दुप्पट झाला. पैसा लागणार होता आणि तो मिळायची जागा तीच एक.

आता कागदाची गोष्ट ऐका. 1859 साली सरकारने कायदा केला, की साधा कर्जरोखा तीन वर्षांपर्यंतच कोर्टात चालेल. हेतू चांगला होता, व्याज साचू नये हा. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचा. आपण गटातलं सोपं उदाहरण घेऊ. शंभर रुपये, महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज. काहीच फेडलं नाही, तर तीन वर्षांत व्याज 72, म्हणून नवा रोखा 172 चा. आणखी तीन वर्षांनी जवळजवळ 296 चा. नऊ वर्षांनी 509 च्या आसपास. मुद्दल शंभरच धरलं असतं, तर नऊ वर्षांनी 316 झाले असते. वरचे 193 रुपये कोणी हातात दिले नाहीत. ते नुसत्या कागद बदलण्यातून जन्माला आले.

विक्रीचे कागदही असेच होते. 1873 सालचा एक करार सरकारी चौकशीत पुढे आला. एका शेतकऱ्याने कर्जापोटी आपल्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले. त्याच गाड्या आणि तेच बैल त्याने सावकाराकडून भाड्याने घेतले, महिना चार रुपये. बैल त्याच्याच गोठ्यात, वैरण त्यानंच घालायची, पण मालक दुसरा. भाडं चुकलं तर बैलही जाणार. जमिनीचंही असंच व्हायचं. शेत तेच, नांगर धरणारा हात तोच, पण मालकी सावकाराची.

कोर्टातला हुकूमनामा झाला की जप्ती आणि लिलाव. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी 1874 मध्ये एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवून कर्जदाराचं घर पाडलं. घर पडलं म्हणजे चूल पडली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गाव चिडलं. सावकारांचं पाणी भरणं, त्यांची हजामत, घरकाम सगळं लोकांनी बंद केलं. हा बहिष्कार गावोगाव पसरला.

मग 12 मे 1875 रोजी सुप्यात आजूबाजूच्या खेड्यांतले लोक जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि ते जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पोचलं. सरकारने फौज आणली. 951 माणसांना अटक झाली. मागे राहिलेल्या बायकांनी त्या पावसाळ्यात पेरणी कशी केली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, हे पाहण्यासारखं आहे. कागद गेला की कर्ज जाईल, अशी त्यांची समजूत. जाळून प्रश्न सुटला नाही. पण सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना तो लागू झाला. कोर्टाने नुसता रोखा न बघता मूळ व्यवहार तपासावा, कर्जदाराला पैसे भरल्याची पावती मिळावी, हिशेबाची नक्कल मिळावी, पासबुक मिळावं, असं त्यात होतं. मैत्रिणींनो, जे पासबुक लिहायला आपल्याला कंटाळा येतो, ते मिळावं म्हणून एवढं सगळं घडावं लागलं.

आता आजचं बोलू. आमच्या भागातल्या एका गटात एक बहीण आहे. तिच्या नवऱ्याने दवाखान्यासाठी गावातल्या एकाकडून व्याजाने पैसे घेतले. त्याने 'तारण म्हणून' अर्ध्या एकराचं खरेदीखत करून घेतलं. 'पैसे दिलेस की जमीन परत,' हे तोंडी. पैसे जमवून गेले तेव्हा तो म्हणाला, "जमीन तर मी विकत घेतली आहे." कागदावर तसंच होतं. घरात एवढा मोठा कागद झाला, हे त्या बहिणीला सातबारा काढेपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, गहाणखत आणि खरेदीखत यांत फरक आहे. गहाण सोडवता येतं, खरेदीखताने मालकी जाते. कर्ज घेताना खरेदीखत मागणाऱ्याला तिथेच नाही म्हणा.

दोन, कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय आणि रकमेची जागा कोरी असताना सही किंवा अंगठा करू नका. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या.

तीन, वर्षातून एकदा घरचा सातबारा आणि आठ-अ काढून बघा. फेरफाराची नोटीस आली तर गप्प बसू नका. पंधरा दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत देता येते.

चार, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2014 सालचा सावकारी नियमन कायदा आहे. अशा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल आणि चौकशीत तसं सिद्ध झालं, तर जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. आमच्या त्या बहिणीनेही असाच अर्ज केला आहे. तिच्याकडे बळ कशाचं आहे, तर दर महिन्याला दिलेल्या व्याजाची तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलेली नोंद.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा घेऊन यावा. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावा, आणि त्यात आपलं नाव आहे का तेही बघावं. सातबारा वाचून झाला, की मगच हप्ते गोळा करू.