पांच विश्वचषकांचा पहारेकरी



फुटबॉलच्या खेळांत गोल करणाराचें नांव सर्वतोमुखीं होतें. गोल होऊं न देणाराचें क्वचितच कोणी घेतो. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाची गतहि कांहींशी अशीच. त्यानें घेतलेले पन्नास झेल आपण विसरतों, सुटलेला एक तेवढा लक्षांत ठेवतों. अशा या कृतघ्न जागेवर उभें राहून २००२ ते २०१८ पर्यंतच्या पांच विश्वचषक-स्पर्धांत आपल्या देशाचें नायकत्व करणारा मेक्सिकोचा राफाएल मार्केस याच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मार्केसचा जन्म १९७९ सालीं मिचोआकान प्रांतांतील सामोरा या गांवीं झाला. वडील फुटबॉलपटूच होते. ग्वादालाहारा शहरांतील आत्लास संघांतून १९९६ सालीं तो व्यावसायिक खेळांत उतरला. १९९९ मध्यें फ्रान्समध्यें खेळणाऱ्या मोनाको संघानें त्याला बोलावून घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं तो संघ फ्रेंच लीगचा विजेता ठरला. त्यानंतर २००३ ते २०१० हीं सात वर्षें तो स्पेनमधील बार्सिलोना संघांत होता. या मुदतींत संघानें स्पॅनिश लीगचें अजिंक्यपद चार वेळां मिळविलें. २००६ सालीं पॅरिसजवळच्या अंतिम सामन्यांत आर्सेनलला २-१ असें हरवून त्यानें युरोपचा चषक जिंकला, त्या दिवशीं बचावाच्या मध्यभागीं मार्केस होता. हा मान मिळविणारा तो पहिलाच मेक्सिकन.

बचावाचे खेळाडू दोन प्रकारचे असतात. एक, धांवत जाऊन चेंडू वाटेल तिकडे उडवून लावणारे. दुसरे, चेंडू कोठें येणार हें आधींच ओळखून तेथें उभे राहणारे, आणि मिळालेला चेंडू अचूक पुढें धाडून चढाईचा आरंभ करणारे. मार्केस दुसऱ्या प्रकारचा. म्हणूनच त्याला कधीं कधीं मध्यफळींतहि खेळवीत. वयानें पायांचा वेग ओसरतो, दूरदृष्टि ओसरत नाहीं. त्याच्या दीर्घ कारकीर्दीचें रहस्य येथें आहे.

परंतु या कारकीर्दीला डागहि लागले. २००२ सालीं अमेरिकेविरुद्ध पराभव समोर दिसूं लागतांच त्याचा तोल सुटला, आणि ८८ व्या मिनिटाला प्रतिपक्षाच्या खेळाडूवर धसमुसळेपणानें गेल्याबद्दल पंचानें त्याला बाहेर काढलें. २००६ मध्यें अर्जेंटिनाविरुद्ध, २०१० मध्यें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध व २०१४ मध्यें क्रोएशियाविरुद्ध त्यानें गोल केले. पण त्याच २०१४ सालीं हॉलंडशीं सामना बरोबरींत असतां, ९० मिनिटें उलटून गेल्यावर, रॉबेनला त्यानें पाडलें असें ठरवून पंचानें पेनल्टी दिली, आणि मेक्सिको २-१ नें हरला. ‘ती पेनल्टी नव्हतीच’ हें वाक्य त्या देशांत म्हणीसारखें रूढ झालें.

याहून कठीण प्रसंग मैदानाबाहेर आला. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याशीं संबंध असल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या अर्थखात्यानें ऑगस्ट २०१७ मध्यें त्याचें नांव निर्बंधांच्या यादींत घातलें. मार्केसनें आरोप साफ नाकारला. २०२१ मध्यें तें नांव यादींतून वगळण्यांत आलें. पण २०१८ च्या विश्वचषकांत सरावाच्या वेळीं इतरांच्या अंगांत पुरस्कर्त्या कंपन्यांचीं चिन्हें असलेले सदरे, आणि याच्या अंगांत चिन्हाविना निराळा सदरा, असा देखावा जगानें पाहिला.

तरीहि १७ जून २०१८ रोजीं मॉस्कोंत, त्या वेळच्या विश्वविजेत्या जर्मनीवर मेक्सिकोची १-० अशी आघाडी असतां, ७४ व्या मिनिटाला ३९ वर्षांचा मार्केस मैदानांत उतरला आणि नायकाची पट्टी त्याच्या दंडावर आली. आघाडी टिकली. पांच विश्वचषकांत प्रत्यक्ष खेळलेले त्याच्यापूर्वीं दोघेच: मेक्सिकोचाच गोलरक्षक कार्बाखाल आणि जर्मनीचा माथेउस.

ज्याच्या हातून दोनदां घात झाला असें लोक म्हणत, त्याच्याच हातीं संकटाच्या वेळीं दार राखावयास दिलें गेलें. पहारेकऱ्याचें मोल एका रात्रीच्या चोरीवरून ठरवावें कीं निर्वेध गेलेल्या असंख्य रात्रींवरून, याचें उत्तर मेक्सिकोच्या संघानें त्या दिवशीं आपल्यापुरतें दिलें.