डाळगिरणीचे यंत्र : नाव, बांधणी आणि रवानगी

आमच्या इंदूरच्या सराफ्यात गुंजभर फरकाचाही हिशोब होतो. धान्याची यंत्रे बाहेरगावी पाठविताना मात्र तशी दक्षता क्वचितच दिसते. म्हणून सभासद बंधूंपुढे चार अनुभवाच्या गोष्टी ठेवीत आहोत.

१८७० साली महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा–इंदूर लोहमार्गासाठी १ कोटी रुपयांचे कर्ज दिले. तो मार्ग मीटरगेज असल्याने मुंबईकडील माल खांडव्यास डबा बदलून येई. आता मालमोटार थेट गिरणीच्या दारी येते. तथापि चढउताराचे धक्के चुकलेले नाहीत.

पहिली गोष्ट नावाची. धान्य-कडधान्य साफ करणारी, निवडणारी व भरडणारी यंत्रे एच.एस.एन.च्या ८४३७ या शीर्षकाखाली येतात. रंगावरून डाळ निवडणारे सॉर्टेक्सही त्यातच. यंत्र सुटे केले, परंतु सर्व भाग एकत्र रवाना झाले, तर ते पूर्ण यंत्रच गणले जाते. विजेची मोटार एकटी पाठविल्यास तिचे शीर्षक ८५०१. बिलात नुसते 'मशिनरी सामान' लिहिल्याने वाटेत तपासणीच्या वेळी तंटा उद्भवतो.

दुसरी गोष्ट बांधणीची. गोट्यावरील एमरीचा थर कठीण खरा, पण ठिसूळ. म्हणून गोटा वेगळा काढून त्याचा दांडा दोन्ही टोकांस लाकडी बैठकीवर ठेवावा. भार थरावर येऊ देऊ नये. सॉर्टेक्सच्या कॅमेऱ्यांस ओलाव्यापासून जपावे. परदेशी जाणाऱ्या पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापविलेले व तसा शिक्का असलेले असावे.

तिसरी गोष्ट पावतीची. आमच्या परिचयाच्या एका गिरणीत तुरीच्या ऐन हंगामात गोटा तडकून आला. बिल्टीवर 'यंत्र, नग १' एवढेच होते आणि पेटी न उघडताच 'माल ठीक' अशी सही झालेली. भरपाई तर मिळाली नाहीच, उलट दीड महिना गिरणी बंद राहून हमालांची व निवडणाऱ्या बायांची रोजी बुडाली.

यास्तव प्रत्येक नगाचे नाव, वजन व किंमत बिल्टीवर लिहावी, माल तपासून शेरा मारूनच सही करावी. २००७ च्या रस्ते-वाहतूक कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी सूचना माल नोंदविल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. घडीभराच्या या लिखापढीवर अनेक घरांची चूल अवलंबून असते, हे तरुण बंधूंनी ध्यानी घ्यावे, एवढीच विनंती.