पेनड्राइव्हची पारख : वेग, सुरक्षितता आणि मोल

वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून जेथे समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव वसले आहे. गोपाळगडाच्या पायथ्याच्या या परिसरात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली व खारट असते, आणि वादळवाऱ्यात वीज व इंटरनेट यांचा भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणच्या शिक्षकास पाठाच्या चित्रफिती, निकालपत्रके व विद्यार्थ्यांच्या याद्या जवळ बाळगण्यास पेनड्राइव्ह हे सोयीचे साधन होय. परंतु बोटाएवढ्या या वस्तूवर शाळेचे दप्तर सोपवावयाचे, तर तिची पारख आधी झाली पाहिजे.

पेनड्राइव्ह २००० सालाच्या सुमारास बाजारात आला. त्यात फिरणारा भाग नसतो. आतील चिपेत असंख्य सूक्ष्म कप्पे असतात व त्यांत साठविलेल्या विद्युत्‌भाराच्या रूपाने माहिती राहते. कप्पे पुनःपुन्हा लिहिल्याने झिजतात, आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास भार हळूहळू गळतो. म्हणून पेनड्राइव्ह हे माहिती वाहून नेण्याचे साधन आहे. ती कायमची जतन करण्याचे नव्हे.

प्रथम वेगाचा विचार करू. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. लिहिण्याचा वेग त्याहून पुष्कळच कमी असू शकतो. शिवाय जोडणीचीही मर्यादा असते. यूएसबी २.० या जोडणीचा कमाल वेग सेकंदास ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात तो याहून कमीच मिळतो. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चा कमाल वेग सेकंदास ५,००० मेगाबिट आहे. या जोडणीच्या खाचेतील पट्टी बहुधा निळी असते. शाळेच्या जुन्या संगणकास केवळ २.० ची खाच असेल, तर महाग व वेगवान पेनड्राइव्ह घेऊनही तेथे त्याचा पूर्ण लाभ होणार नाही.

वेग मोजण्यास घड्याळ पुरेसे आहे. २,००० मेगाबाइटची एकच चित्रफीत पेनड्राइव्हवर उतरवावी व लागलेले सेकंद मोजावे. २०० सेकंद लागल्यास लिहिण्याचा वेग सेकंदास १० मेगाबाइट ठरला. मग पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा व तीच चित्रफीत संगणकावर घेऊन वाचण्याचा वेग पाहावा. पेनड्राइव्ह न काढल्यास संगणक स्वतःच्या स्मृतीतूनच वाचतो व आकडा फसवा येतो. शेकडो लहान फाइली उतरविण्यास तेवढ्याच आकाराच्या एका फाइलीपेक्षा अधिक वेळ लागतो, हेही ध्यानी ठेवावे.

धारणशक्तीची परीक्षाही आवश्यक आहे. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकावर २९.८ च्या आसपास दिसतो. ही लबाडी नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो व विंडोज १,०२४ च्या पटीत, इतकेच. खरी लबाडी निराळी असते. अत्यल्प किमतीत एक-दोन टीबीचा म्हणून विकला जाणारा माल पुष्कळदा खोटा असतो. संगणकास तो मोठा आकडा दाखवितो, परंतु खरी जागा संपल्यावर पुढील फाइली नासतात. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम संपूर्ण पेनड्राइव्ह भरून पुन्हा वाचून पाहतो व खरे माप सांगतो. ही परीक्षा खरेदीच्या दिवशीच, पावती हाती असताना करावी.

सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांत गंभीर होय. विद्यार्थ्यांच्या यादीत जन्मतारीख, आधार क्रमांक व शिष्यवृत्तीसाठी बँकखात्याचा तपशील असतो. असा पेनड्राइव्ह एस.टी.त पडला, तर हानी पालकांची होते, आणि पालकांनी ती माहिती शाळेवरील विश्वासाने दिलेली असते. मुलांच्या माहितीस २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही विशेष संरक्षण दिले आहे. यास्तव अशा फाइली कुलूपबंद करूनच न्याव्यात. विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीत ‘बिटलॉकर’ची सोय असते, इतरांस ‘व्हेराक्रिप्ट’ हा मोफत प्रोग्रॅम वापरता येतो. संकेतशब्द विसरल्यास मात्र माहितीस मुकावे लागते. म्हणून तो मुख्याध्यापकांपाशी बंद पाकिटात ठेवावा. नुसती पुसलेली फाइल पुन्हा मिळविता येते. पेनड्राइव्ह दुसऱ्यास देण्यापूर्वी ‘क्विक फॉरमॅट’वरील खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा.

दुसरे भय विषाणूंचे. २०१० साली उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ हा प्रोग्रॅम इंटरनेटशी न जोडलेल्या संगणकांतही पेनड्राइव्हमधून शिरू शकत असे. छपाईच्या दुकानातील संगणकास लावलेला पेनड्राइव्ह शाळेत आल्यावर प्रथम तपासून घ्यावा. फोल्डरच्या जागी ‘शॉर्टकट’ची चिन्हे दिसल्यास त्यांवर क्लिक करू नये. सापडलेला पेनड्राइव्ह कुतूहलाने लावून पाहू नये.

आता मोल. शाळेच्या कामास ३२ किंवा ६४ जीबी बहुधा पुरतात. एका मोठ्या पेनड्राइव्हपेक्षा हमी असलेले दोन मध्यम पेनड्राइव्ह अधिक मोलाचे, कारण एक बिघडला तरी दुसरा उरतो. काढण्यापूर्वी संगणकास ‘इजेक्ट’ची आज्ञा द्यावी, आणि खाऱ्या हवेने टोकास गंज चढू नये म्हणून तो घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा.

दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवणे मात्र व्यर्थ होय. २२ जुलै २०२१ रोजी याच वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले आणि घरादारांतील व कार्यालयांतील कागदपत्रे पाण्यात गेली. एक प्रत शाळेत, दुसरी उंचावरच्या अन्य सुरक्षित जागी, व नेट असेल तेव्हा तिसरी शासकीय संकेतस्थळावर वा ऑनलाइन साठ्यात ठेवावी. प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्व प्रती उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत गरजेच्या वेळी उपयोगी पडेलच, असे गृहीत धरता येत नाही.