सुटला, पण जायचे कोठे?

दारूच्या पाशात सापडलेल्या माणसाचा खरा कसोटीचा दिवस कोणता? व्यसनमुक्ती केंद्रात तो दाखल होतो तो, की तेथून बाहेर पडतो तो? आमच्या मते दुसरा. केंद्रात डॉक्टर हाताशी असतो, समदुःखी सोबती असतात, दिवसाला शिस्त असते. पुढे पिशवी खांद्याला अडकवून तोच माणूस त्याच वस्तीत, त्याच गुत्त्यासमोर, त्याच मित्रांच्या कोंडाळ्यात परततो. कित्येकांना तर परतावयास घरच उरलेले नसते. पत्नी मुलांना घेऊन माहेरी गेलेली, खोलीचे भाडे थकलेले, नोकरी सुटलेली. अशा माणसाचा पाय पुन्हा घसरला की 'हा सुधारणारच नव्हता,' असे म्हणून आपण मोकळे होतो. हा निवाडा सोपा खरा, पण न्याय्य नव्हे.

प्रश्न लहान नाही. केंद्र सरकारने करविलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्याच्या व्यसनाबाबत मदतीची गरज आहे. आणि मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणतेही उपचार मिळतात. एवढ्या कष्टाने उपचारापर्यंत पोहोचलेल्या त्या एकालाही आपण बाहेर पडताच वाऱ्यावर सोडून देत असू, तर उपचारावरील खर्च पाण्यात घालण्यासारखेच ते होय.

कायदा याबाबत मुका आहे असेही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा आजारात समावेश केला आहे, आणि रुग्णालय व घर यांच्यामधल्या निवासांची तरतूद करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

हे काम अशक्य कोटीतील नव्हे. पुण्याचे 'मुक्तांगण' डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ साली उभे केले. स्वतः व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला हात देऊ शकतो, हे तेथे महाराष्ट्राने पाहिले आहे. अमेरिकेत १९७५ पासून चाललेली 'ऑक्सफर्ड हाऊस' ही घरे याच तत्त्वावर उभी आहेत. रहिवासी मिळून भाडे भरतात, कारभार मतदानाने चालवितात, आणि जो पुन्हा व्यसनाकडे वळेल त्यास घर सोडावे लागते. तेथील १९८८ च्या कायद्याने अशा घरांना सुरुवातीसाठी ४ हजार डॉलरपर्यंतचे कर्ज फिरत्या निधीतून देण्याची सोय केली. सरकारने दान दिले नाही, भांडवल दिले.

मात्र केवळ छप्पर पुरेसे नाही. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना डांबून ठेवणाऱ्या व मारहाण करणाऱ्या जागांच्या तक्रारी वेळोवेळी उजेडात आल्या आहेत. म्हणून साहाय्याबरोबर नोंदणी, आगाऊ सूचना न देता होणारी तपासणी आणि रहिवाशास तक्रारीचा निर्भय मार्ग या अटी हव्यातच. स्त्रियांसाठी स्वतंत्र घरे हवीत. त्यांचे व्यसन आपला समाज आजही झाकून ठेवतो.

'व्यसनी माणसांवर करदात्याचा पैसा का खर्चावा?' असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर सरळ आहे. मद्यावरील उत्पादनशुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होते, आणि राज्यघटनेचे ४७ वे कलम आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या बंदीसाठी झटण्यास राज्याला सांगते. जी तिजोरी बाटलीवर भरते, तिने बाटली खाली ठेवणाऱ्यासाठी काही अंश बाजूला काढावा, यात उपकार कसला? या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा अशा निवासांसाठी राखून ठेवावा, आणि निदान प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एका घरापासून प्रारंभ करावा, अशी आमची मागणी आहे.

व्यसन सोडण्याचा निश्चय ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. तो टिकविण्यास जागा देणे मात्र समाजाचे कर्तव्य आहे.