कडी लागली का, मेसेज बरोबर गेला का?

मन आणि मोबाइल : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण झोप आणि मोबाइल यांविषयी बोललो. आजचा आजार गावोगावी मंत्रचळ म्हणून ओळखला जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याला ओसीडी म्हणतात. सारखे हात धुणं, कडी-कुलूप आणि गॅसचं बटण दहादा पाहून येणं ही त्याची रूपं बहुतेकांच्या पाहण्यात आलेली असतात. तोच आजार आता मोबाइलमध्येही शिरला आहे आणि तिथे तो घरच्यांच्या नजरेला पडत नाही. माझी चिंता ही आहे.

समजा, वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात एक आशाताई आहे. गरोदर बायकांची, लसीकरणाची माहिती ती व्हॉट्सअॅपच्या गटात टाकते. टाकली की मनात येतं, आकडा चुकला असेल तर? एखाद्या बाळाचा डोस माझ्यामुळे राहिला तर? ती मेसेज उघडून पाहते. आकडा बरोबर असतो. फोन खाली ठेवते, तोच वाटतं, आपण नीट पाहिलं का? परत उघडते. मग नवऱ्यापुढे फोन धरते, ‘‘बरोबर आहे नं जी?’’ तो म्हणतो, ‘‘आत्ताच तं पाह्यलं.’’ दोन मिनिटं बरं वाटतं, पुन्हा तेच सुरू. रात्रीचे अकरा वाजतात. नळाचं पाणी वाहत राहिलं असतं तर सासूने हटकलं असतं. फोन पाहणाऱ्या बाईला कोण हटकणार? उलट कामाची पक्की म्हणून तिचं कौतुक होतं.

ही बाई काल्पनिक आहे, पण तिचं चक्र मात्र खरं आहे. मनात नको असलेला विचार घुसतो, त्याची भीती वाटते, भीती घालवायला माणूस काहीतरी करतो, क्षणभर सुटतो. त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी तीच कृती करावीशी वाटते. खाजवल्यावर नायटा जसा वाढतो, तसं हे आहे. विचार विचित्र असणं हा आजार नव्हे. रॅकमन आणि डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवून दिलं, की धडधाकट माणसांच्या मनातही असेच हिंसक, घाणेरडे, देवाधर्माला न शोभणारे विचार येऊन जातात. निरोगी माणूस ‘काहीतरीच’ म्हणून पुढे जातो. मंत्रचळ असलेला माणूस मात्र त्या विचाराची जबाबदारी स्वतःवर घेऊन बसतो.

मोबाइलने या चक्राला हवं ते सगळं दिलं आहे. कडी पाहायला उठून दारापर्यंत जावं लागायचं, मेसेज पाहायला अंथरुणातून उठावंही लागत नाही. निळी टिक आली, तरी उत्तर का नाही? मी काही लागट बोललो का? मग जुनं सगळं संभाषण वरपासून वाचायचं. कोणाच्या फोटोला चुकून लाइक तर गेलं नाही ना, हे परत परत तपासायचं. काहीजण पाठवलेला मेसेज पुसतात, पुन्हा लिहितात, पुन्हा पुसतात.

‘अकरा जणांना पाठवा, दुर्लक्ष केलं तर वाईट बातमी कळेल’ हे मेसेज तर या आजाराच्या मर्मावर बोट ठेवतात. पूर्वी हीच धमकी पोस्टकार्डावर आणि छापील पत्रकांवर यायची. आपण हसून ते टाकून देतो. ओसीडी असलेल्या मुलीला मात्र न पाठवणं म्हणजे आईच्या जिवाशी खेळ वाटतो. खोटं आहे हे तिलाही कळतं, तरी हात थांबत नाही. आपण चेष्टेत पुढे ढकललेला मेसेज कोणाची तरी रात्र खातो, याचा विचार गटातल्या प्रत्येकाने करायला हवा.

शोधणं हा आणखी एक सापळा आहे. ‘बाळाला इजा करण्याचे विचार येतात, मी वाईट आहे का?’ असं एकदा शोधलं की तशाच चित्रफिती समोर येत राहतात. एकीने धीर मिळतो, दुसरीने तो जातो, म्हणून तिसरी. अनोळखी माणसांना विचारून मिळालेलं ‘काळजी करू नका’ हेही त्या नवऱ्याच्या ‘बरोबर आहे’सारखंच, दोन मिनिटांचं.

तरीही फोन काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. कित्येकांना आपल्या त्रासाला नाव आहे, तो पाप किंवा वेड नाही, हे पहिल्यांदा मोबाइलवरच कळतं. शिवाय फोन टाळणं ही आजाराला दिलेली आणखी एक सवलत ठरते. ‘मला टापटीप आवडते, मला ओसीडी आहे’ असं मिरवणाऱ्या रील्सबद्दल मात्र राग येतो. त्यांच्यामुळे खरा रुग्ण आपलं दुखणं क्षुल्लक समजून गप्प बसतो.

उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत. व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली लंडनमध्ये ज्या पद्धतीचा पाया घातला, तिच्यात रुग्ण भीतीला सामोरा जातो आणि नेहमीची कृती करत नाही. मोबाइलच्या बाबतीत याचा अर्थ असा : मेसेज एकदाच वाचून पाठवायचा, परत उघडायचा नाही. पुढे मुद्दाम एखादी वेलांटी चुकवून पाठवायचा. अकरा जणांचा मेसेज कोणालाही न पाठवता ठेवून द्यायचा. भीती चढते, ती चढू द्यायची. काही न करताही ती उतरते, हे शरीराला शिकू द्यायचं. हे थेरपिस्टच्या मदतीने, सोप्यापासून अवघडाकडे करायचं असतं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन अशी औषधं उपयोगी पडतात, पण पुरता गुण यायला दहा-बारा आठवडे लागू शकतात. दुसऱ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडू नका. त्यांचं व्यसन लागत नाही, मात्र बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

घरच्यांचं काम अवघड आहे. दहाव्यांदा ‘बरोबर आहे ना?’ विचारलं, की उत्तर देऊ नये आणि रागावूही नये. ‘तुला त्रास होतोय हे दिसतंय, पण हे उत्तर आजाराला हवंय’ असं शांतपणे म्हणावं, तेही आधी रुग्णाशी ठरवून.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ०.८ टक्के प्रौढांत हा आजार आढळला. ते ज्या १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तेच प्रमाण धरलं, तर २०११च्या जनगणनेत तेरा लाख लोकसंख्या असलेल्या वर्धा जिल्ह्यात काही हजार माणसं होतात. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली सेवाग्रामला सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. आर्वी-आष्टीहून तिथवर लगेच येणं जमत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.